मोटारीचे आसन, आरसे आणि त्यांची ‘मेमरी’

गणेशोत्सवाच्या सुमारास नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस असलेली मंडळी निपाणी, संकेश्वर, बेळगाव परिसरातील आपापल्या गावी येतात आणि त्यांच्याबरोबर नव्या बनावटीच्या मोटारीही येतात. सणाच्या चार दिवसांत एकच मोटार कधी मुलगा चालवितो, कधी वडील, कधी सून, तर कधी बाजारास निघालेला पुतण्या. यांपैकी काही मोटारींत चालकाचे आसन व बाजूचे आरसे विजेवर हलतात आणि प्रत्येक चालकाची बैठक लक्षात ठेवण्याची सोयही त्यांत असते. लोक तिला सरळ ‘मेमरी’ असेच म्हणतात. “गाडी मनास येईल तशी सीट सरकवते” अशी तक्रार या सोयीबाबत नेहमी ऐकू येते. अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा यंत्राचा बिघाड नसून वापराची पद्धत असते.

तथापि ही बाब केवळ सुखसोयीची नव्हे. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर बेळगावकडून येताना निपाणीच्या अलीकडे तवंदी घाटाचा उतार लागतो. मागून अवजड ट्रक येत असतात, डाव्या अंगाने मोटारसायकलस्वार पुढे घुसू पाहतात आणि गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संथपणे चाललेले असतात. आसन एकाच्या उंचीचे आणि आरसे दुसऱ्याच्या नजरेचे अशा स्थितीत मोटार या उतारावर आली, तर डाव्या अंगाचा मोटारसायकलस्वार चालकास दिसतच नाही. तो दिसावा म्हणून चालक आरशाचे बटण चाचपू लागला, तर तेवढा वेळ त्याचे समोर लक्ष नसते.

मोटारीस आरसा लावण्याची कल्पना जुनी आहे. १९११ साली अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरून यांनी आपल्या मोटारीवर मागचे दिसण्यासाठी आरसा बसविला होता आणि ती शर्यत त्यांनीच जिंकली. बैठक लक्षात ठेवणारे आसन १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूअम या महागड्या मोटारीत आले. आपल्याकडे मात्र अ‍ॅम्बेसेडर व पद्मिनी यांच्या काळात कित्येक मोटारींना डावा आरसाच नसे. चालक मान वळवून पाही, अथवा शेजारी बसलेल्यास विचारी!

या सोयीची रचना समजण्यास कठीण नाही. आसन पुढे-मागे व वर-खाली करणाऱ्या, तसेच आरशाची काच फिरविणाऱ्या छोट्या मोटरी असतात. प्रत्येक भाग कोठवर सरकला याची नोंद एका नियंत्रक पेटीत होते. ‘सेट’ अथवा ‘एम’ हे बटण दाबून लगेच १ किंवा २ हा क्रमांक दाबला, की त्या क्षणीची स्थिती त्या क्रमांकावर साठविली जाते. बहुतेक मोटारींत तशी खूण म्हणून आवाज होतो. दोन बटणांमध्ये फार वेळ गेला, तर नोंद होत नाही. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी आसन व पाठ, मग आरसे आणि शेवटी नोंद. आसन दोन बोटे वर केले तरी डोळ्यांची पातळी बदलते व आधी लावलेला आरसा निरुपयोगी ठरतो. ब्रेक पूर्ण दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहावा आणि खांदे पाठीस टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचावे, असे आसन असावे. बाजूच्या आरशात आपल्या मोटारीची कड जेमतेम दिसावी.

आता नेहमीच्या तक्रारी. आसन आपोआप भलत्याच जागी जात असेल, तर प्रथम चावी पाहावी. अनेक बनावटींत प्रत्येक चावीशी एकेका चालकाची बैठक जोडलेली असते. वडिलांनी मुलाची चावी उचलली, की आसन इमानाने मुलाच्या जागी सरकते. क्रमांक दाबूनही आसन हलत नसेल, तर गाडी थांबलेली आहे का, स्वयंचलित गिअर ‘पी’वर आहे का, हे तपासावे. काही मोटारींत दार बंद असल्यास बटण दाबून धरावे लागते. आसन हलत असता दुसरे बटण दाबल्यास ते मध्येच थांबते. हा दोष नसून सुरक्षिततेची योजना आहे.

बॅटरी बदलल्यावर किंवा ती पार उतरल्यावर काही मोटारी साठविलेली बैठक विसरतात. अशा वेळी आसन पार पुढे व पार मागे नेऊन टोकाशी बटण काही सेकंद धरून ठेवावे लागते. याची नेमकी रीत मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली असते. मग नव्याने नोंद करावी. मागे घेताना डावा आरसा खाली झुकतो, तो चाकाजवळची कड दिसावी म्हणून. गाडी पुढे निघाल्यावर तो पूर्ववत होतो. मात्र रिव्हर्स गिअर पडलेला असताना बैठकीची नोंद करू नये. आठवडी बाजाराच्या गर्दीत आरसा कोणी हाताने ढकलला, तर त्यातील दाते सरकून कटकट आवाज येतो; काही मोटारींत आरसे बटणाने दोन-तीनदा मिटून उघडले, की ते ताळ्यावर येतात.

आसन अडखळत असेल, तर रुळाखाली पाण्याची बाटली, नाणे वा मुलांचे खेळणे अडकले आहे का ते पाहावे. तेथे पिवळ्या रंगाची जोडणी दिसल्यास ती मुळीच ओढू नये. ती एअरबॅगची असते. फ्यूज गेला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तारेचा तुकडा घालण्याची युक्ती घरच्या जुन्या फ्यूजच्या बाबतीतही घातक होती आणि मोटारीत तर तिने आग लागू शकते.

क्रमांक दाबण्यापूर्वी मागे बसलेल्या मुलांचे पाय व बोटे आसनाच्या वाटेत नाहीत, हे पाहणे अत्यावश्यक आहे. गाडी चालू असताना ही बटणे दाबू नयेत. शिवाय आरसा अचूक लागला तरी त्यात न दिसणारी जागा उरतेच. बाजूचा आरसा बहुधा फुगीर असल्याने मागील वाहन असते त्याहून दूर भासते. म्हणून मार्गिका बदलताना मान वळवून पाहावे.

बहुतेक मोटारींत दोन किंवा तीनच क्रमांक असतात. कोणता क्रमांक व कोणती चावी कोणाची, हे कागदावर लिहून पुढच्या कप्प्यात ठेवल्यास घोटाळा होत नाही. ज्याच्या वाट्यास क्रमांक आलेला नाही, मग तो पुतण्या असो वा बदली चालक, त्याने गाडी अंगणातून बाहेर काढण्यापूर्वीच आसन व तिन्ही आरसे स्वतः लावून घ्यावेत. त्यास मिनिटभर पुरते.