ज्वारीला वाली कोण?

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसचा मुक्काम हलवून वेळापुरास येते, तेव्हा दिंड्यांतून चालणाऱ्या वारकऱ्यांच्या दोन्ही बाजूंना जे शिवार दिसते ते बव्हंशी उसाचे असते. यादवकालीन अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव एका अर्थी दोन अर्थव्यवस्थांच्या सीमेवर वसले आहे. उत्तरेचा रस्ता अकलूजकडे, म्हणजे कालव्याच्या आणि कारखान्यांच्या मुलखात जातो. दक्षिणेचा रस्ता महूदमार्गे सांगोल्याकडे, म्हणजे डाळिंबाच्या, शेळ्यामेंढ्यांच्या आणि खिलार जनावरांच्या कोरडवाहू मुलखात उतरतो. या दोन मुलखांना आजवर एका पिकाने एकत्र बांधून ठेवले होते. ते पीक म्हणजे रब्बी ज्वारी. तिचे धान्य माणसांना व तिचा कडबा जनावरांना पुरत असे. हा दुवा गेल्या काही दशकांत झिजत गेला असून तो तुटण्याच्या बेतात आला आहे, आणि त्याची नोंद घेण्याची निकड मात्र धोरणकर्त्यांना जाणवलेली दिसत नाही.

सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा जिल्हा, हे विधान शाळेच्या भूगोलातून अद्याप गेलेले नाही. ते निराधारही नाही. ज्या मालदांडी ३५-१ वाणाने महाराष्ट्राची रब्बी ज्वारी घडविली, त्याची निवड १९३०च्या दशकात याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा आणि बागायतीसाठी फुले रेवती असे वाण दिले. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले आणि आपल्या सरकारने या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे गौरवाचे नाव दिले. मानसन्मानाची अशी कोणतीही उणीव ज्वारीला भासू नये. तरीही राज्यात एके काळी साठ लाख हेक्टरांच्या वर असलेले ज्वारीचे क्षेत्र आज वीस लाखांच्या खाली आले आहे. मान वाढत गेला आणि पेरा घटत गेला, याची संगती कशी लावायची?

ऊस हा आळशी माणसाचे पीक, असा एक सोपा शेरा शहरी चर्चेत वारंवार ऐकू येतो. त्यात तथ्य फारसे नाही. वेळापूर परिसरातील शेतकरी उसाकडे वळला तो आळसापोटी नव्हे, हिशेबापोटी वळला. १९२०च्या दशकात पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरा उजव्या कालव्याने या तालुक्यात खेळू लागले. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी १९३०च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला; पुढे शंकरराव मोहिते पाटील यांच्या नेतृत्वाखाली अकलूजला सहकारी कारखाना उभा राहिला. आज सोलापूर जिल्ह्यात लहानमोठे तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. प्रत्येक कारखान्याला गाळपासाठी ऊस हवा, आणि तो मिळविण्यासाठी कारखान्याने शेतकऱ्याच्या दारापर्यंत जी व्यवस्था नेली तिची तुलना दुसऱ्या कोणत्याही पिकाशी होऊ शकत नाही.

ही व्यवस्था नीट पाहिली पाहिजे. उसाची लागण होताच त्याची नोंद कारखान्यात होते. त्या नोंदीवर सोसायटी व बँक कर्ज देते, कारण वसुली उसाच्या बिलातून परस्पर होण्याची खात्री असते. तोडणीला मजूर शोधण्याची चिंता शेतकऱ्याला बव्हंशी करावी लागत नाही. बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्या कारखानाच आणतो. अवकाळी पावसाने ऊस थोडाफार लोळतो, पण हातचा जात नाही. पाखरे त्याला खात नाहीत. आणि भावाचे म्हणाल तर, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ‘रास्त व किफायतशीर दर’ देणे हे कारखान्यावर कायद्याचे बंधन आहे. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. प्रत्यक्षात बिले थकतात, आंदोलने होतात, हे खरे. परंतु भांडण्यासाठी पायाखाली कायदा असतो. ही रक्कम दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. हप्ते किती असावेत हा प्रश्नसुद्धा न्यायालयाच्या पायरीपर्यंत नेता येतो, अशी ही पिकाची प्रतिष्ठा आहे.

आता ज्वारीकडे वळू. केंद्र सरकार तिचीही आधारभूत किंमत दरवर्षी जाहीर करते. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीची ही किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये ठरली; २०१८-१९ मध्ये ती २,४५० रुपये होती. आकडा वाईट नाही. पण त्या आकड्याने कोणीही बांधलेला नाही. व्यापाऱ्याने कमी भावाने घेतली तर तो कायदा मोडत नाही. सरकारने खरेदी केंद्र उघडले नाही तर शेतकऱ्याला दाद मागता येत नाही. भरडधान्य खरेदी योजनेखाली केंद्रे उघडली जातात, अधूनमधून रेशनच्या दुकानांत ज्वारी येतेही. पण हा सारा मर्जीचा मामला आहे. दोन्ही पिकांना सरकार ‘हमी’ देते असे बोलण्याची पद्धत आहे. वस्तुतः उसाची हमी ही देणाऱ्याच्या डोक्यावरील कर्ज आहे, ज्वारीची हमी ही सरकारने व्यक्त केलेली सदिच्छा आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर एका पिकाची जोखीम संस्थांनी वाटून घेतली आहे आणि दुसऱ्याची सारी जोखीम एकट्या कुणब्याच्या खांद्यावर राहिली आहे.

ढोबळ हिशेब मांडून पाहावा. साडेनऊ टक्के वा त्याहून कमी उताऱ्याच्या कारखान्यासाठी २०२५-२६ चा दर क्विंटलला ३२९ रुपयांच्या आसपास, म्हणजे टनाला सुमारे ३,२९० रुपये होतो. तोडणी-वाहतुकीचे आठ-नऊशे रुपये वजा जाता चोवीसशे रुपये टन हाती येतात असे धरले आणि एकरी चाळीस टन ऊस निघाला, तर ९६ हजार रुपये होतात. जिरायत ज्वारी एकरी पाच क्विंटल झाली आणि पुरी आधारभूत किंमत मिळाली तरी धान्याचे अठरा-एकोणीस हजार रुपये, वर कडबा. उसाचा खर्च कितीतरी अधिक, तो रानात बारा ते अठरा महिने उभा, हे सारे जमेस धरूनही बागायतदाराने कोणता मार्ग पत्करावा हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही. परंतु या हिशेबात पाण्याचा रकाना नाही, कारण पाण्याची पट्टी पिकावर आणि क्षेत्रावर आकारली जाते, वापरलेल्या पाण्यावर नव्हे. ज्वारी हस्ताच्या पावसाच्या ओलीवर येते. एखाद-दुसरे पाणी मिळाले की ती भरघोस पिकते. उसाला पाटपाण्याच्या वीस-पंचवीस पाळ्या लागतात. राज्याच्या चार टक्क्यांहूनही कमी पिकाऊ क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नमूद करून ठेवले आहे. त्या टक्केवारीवर वाद होऊ शकेल, दिशेवर होणार नाही. दर एकराला न मोजता दर घनमीटर पाण्याला उत्पन्न मोजले, तर वरच्या दोन आकड्यांची अदलाबदल होण्यास वेळ लागणार नाही.

मात्र हा प्रश्न केवळ पाण्याचा आणि धान्याचा असता, तर त्यावर यापूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्वारीच्या चर्चेत नेहमी विसरला जातो तो कडबा. रब्बी ज्वारीच्या एका किलो धान्यामागे दोन-अडीच किलो कडबा मिळतो. पाण्याच्या ओढीच्या वर्षी धान्य कमी भरते, पण कडबा हाती लागतो. आणि नेमक्या त्याच वर्षी त्याचा भाव चढतो, इतका की पिकाच्या एकूण मोलात त्याचा वाटा निम्म्यापर्यंत जाऊन भिडतो. म्हणजे ज्या वर्षी कणगी रिकामी राहते त्या वर्षी गंजी संसार सावरते. दुष्काळी मुलखाने शतकानुशतके बाळगलेला हा विमाच म्हणायचा, आणि त्याचा हप्ता कोणत्याही कंपनीकडे भरावा लागत नव्हता. १९६० च्या दशकात आलेल्या संकरित ज्वारीने खरिपात उत्पादन वाढविले, परंतु सोलापूरच्या शेतकऱ्याने रब्बीत मालदांडीच धरून ठेवली, त्याचे इंगित भाकरीच्या चवीइतकेच या उंच, गोड ताटाच्या वैरणीतही होते. आधारभूत किंमत ठरविताना कडब्याचे मोल खर्चातून वजा होते. बांधावर त्याचे मोल मिळकतीत जमा होते. दृष्टीचा हा फरक लहान नाही.

बागायती गावांतून ज्वारी हटली तसा कडबाही हटला. त्याची जागा उसाच्या वाढ्यांनी आणि अलीकडे मक्याच्या मुरघासाने घेतली. मुरघास ही चांगली गोष्ट आहे. संकरित गाईंच्या दुधाळ गोठ्याला त्याचा निश्चित उपयोग होतो. पण तो पाण्यावर पिकतो, पैसे मोजून घ्यावा लागतो, आणि आता इथेनॉलच्या कारखान्यांनाही मका हवा असल्याने त्याच्या भावावर शेतकऱ्याचा काबू राहिलेला नाही. वाढ्यांचे तर विचारूच नये. त्यांतील ऑक्झलेट जनावराच्या अंगातील कॅल्शियम बांधून ठेवते. निव्वळ वाढ्यांवर ठेवलेली गाय आटते. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला चारा छावण्या उघडल्या, तेव्हा दावणीला बांधलेल्या हजारो जनावरांपुढे ऊस पडला होता. ज्या पिकाने कडबा हटविला तेच पीक सरकारी खर्चाने वैरण म्हणून विकत घ्यावे लागले, हा विपर्यास त्या वेळी फार थोड्यांनी बोलून दाखविला.

ताटातही अशीच उलथापालथ झाली आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल मिलो नाक मुरडून खाणाऱ्या पिढीला घरची पांढरी ज्वारी म्हणजे काय हे ठाऊक होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद केली खरी, पण दुकानांत आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले. फुकटच्या गव्हापुढे विकतची ज्वारी कशी टिकावी? आज सोलापूरची कडक भाकरी वेष्टनात बंद होऊन पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाते आणि मधुमेहाच्या धास्तीने चांगल्या भावाने खपते. बचत गटांतील स्त्रियांना त्यातून चार पैसे मिळतात, ही समाधानाची बाब. परंतु जी भाकरी शेतमजुराच्या फडक्यात बांधलेली असे, ती आता त्याच्या घरात चपातीहून महाग झाली आहे.

भाव चढले की पेरा वाढेल, बाजार आपोआप तोल साधील, असे सांगणारे अर्थशास्त्र वर्गात शिकविले जाते. २०२३ मध्ये ज्वारीचे भाव चढले. पुढे माल वाढताच ते उतरले, आणि भावाच्या आशेने पेरणाऱ्याचे हात पोळले. आणखी एक अडचण भावाने सुटण्यासारखी नाही. मालदांडी मुळासकट उपटून काढावी लागते, पेंढ्या बांधाव्या लागतात. या कामाला मजूर मिळत नाही, आणि मोठे यंत्र घातले तर कडब्याची नासाडी होते. उसाच्या तोडणी यंत्रांना अनुदान मिळते. उंच ज्वारी उपटून कडबा शाबूत ठेवणारे स्वस्त यंत्र शेतापर्यंत पोचविण्यासाठी तेवढा आग्रह कोणी धरलेला दिसत नाही. संशोधनाचा पैसा कोणत्या वाटेने जातो याचे हे एक उदाहरण पुरे.

ऊस उपटून टाका, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. या तालुक्यातील शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने उसाच्या पैशावर उभे राहिले आहेत. मागणी एवढीच असावी की ज्वारीला उसाच्या हमीचा एक अंश तरी मिळावा. शेजारच्या कर्नाटकात नाचणी व ज्वारी आधारभूत किमतीने खरेदी करून रेशनवर देण्याची प्रथा रुळली आहे. सोलापूर जिल्ह्याच्या रेशन दुकानांसाठी लागणाऱ्या धान्याचा ठराविक हिस्सा जिल्ह्यातच पिकलेल्या मालदांडीचा असावा, असे बंधन राज्य सरकारने स्वतःवर घालून घ्यावे. गव्हाची वाहतूक आणि साठवण यांवर जो खर्च होतो त्यातला काही भाग तेथे वळविता येईल. मात्र हा निर्णय पेरणीपूर्वी, म्हणजे भाद्रपद सरण्याच्या आत जाहीर व्हायला हवा. फाल्गुनात राशी पडल्या आणि गरजू शेतकऱ्याचा माल बाजारात गेला, की मग उघडलेल्या खरेदी केंद्रावर पोती घेऊन उभा राहतो तो व्यापारी असतो. जोडीला, उसाच्या नोंदीवर जसे कर्ज मिळते तसे ज्वारीच्या पेऱ्यावर आणि गावात रचलेल्या कडब्याच्या गंजीवर जिल्हा बँकेने व सोसायट्यांनी तारण-कर्ज द्यावे. छावण्यांवर दुष्काळात उधळाव्या लागणाऱ्या रकमेपुढे ही रक्कम मोठी ठरणार नाही. शिवाय ती परत येणारी आहे.

दरवर्षी कार्तिकात कारखान्यांची धुराडी पेटतात, त्याच सुमारास वेळापूरच्या दक्षिणेला जिरायत रानांत ज्वारी गुडघ्याला लागलेली असते. त्या रानांत अजून कडब्याच्या गंज्या रचल्या जातात, खिलार जोड्या अजून दावणीला दिसतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा शर्यतींचा कायदा ग्राह्य धरल्यापासून देखण्या खोंडांना गिऱ्हाईकही आले आहे. तेथे कालव्याचे वा उपसा योजनेचे पाणी पोचावे म्हणून गावे वर्षानुवर्षे झगडत आहेत, आणि ते पाणी मिळणे हा त्यांचा हक्क आहे. पाणी आले की पहिल्याच वर्षी त्या रानात काय लावले जाईल, हे ठरविण्याची वेळ मात्र पाणी येण्यापूर्वीची आहे.