गुडघेदुखीवर व्यायामाचे औषध

आषाढात मुळशी तालुक्यातील उरवडे गावाच्या भातखाचरांत लावणीची लगबग सुरू होते. त्याच सुमारास जैन घरांत चातुर्मासाचे नियम घेतले जातात. चिखलात दिवसभर वाकून रोपे लावणारी शेतकरी स्त्री, जवळच्या पिरंगुट परिसरातील कारखान्यात तासन्‌तास उभा असणारा कामगार आणि पेढीच्या गादीवर मांडी घालून बसणारा व्यापारी यांचे जीवनक्रम भिन्न आहेत. परंतु पन्नाशीनंतर तिघांचीही तक्रार पुष्कळदा एकच असते : गुडघा दुखतो. श्रावक-श्राविकांना ही वेदना विशेष सलते. ४८ मिनिटांचे सामायिक, प्रतिक्रमणातील उठबस, खमासमणा देताना जमिनीला टेकवायचे गुडघे, हे सारे अवघड होऊन बसते. मग कुणी सोसत राहतो, तर कुणी थेट शस्त्रक्रियेचा विचार करतो. या दोहोंच्या मध्ये फिजिओथेरपीचा, म्हणजे भौतिकोपचाराचा, मार्ग आहे आणि बहुतेकांनी आधी तोच चोखाळणे हिताचे असते.

गुडघ्यात काय घडते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे मिळतात तेथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात; सांध्यातील वंगणासारख्या द्रवातूनच तिचे पोषण होते. पाऊल टाकताना ती दाबली जाते, उचलताना मोकळी होते आणि स्पंजाप्रमाणे तो द्रव आत-बाहेर करते. म्हणूनच माफक चालणे सांध्याला पोषक ठरते. वय, स्थूलता, जुनी दुखापत व आनुवंशिकता यांमुळे कूर्चा विरळ होते, सांध्याला सूज येते. या विकाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.

दुखते म्हणून मनुष्य हालचाल कमी करतो. हालचाल घटली की मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू क्षीण होतात. चालताना बसणारा धक्का हेच स्नायू झेलत असतात. ते दुबळे झाले की भार सांध्यावर येतो आणि वेदना वाढते. हे चक्र तोडणे हाच भौतिकोपचाराचा मुख्य हेतू होय. एक्स-रेमध्ये झीज मोठी दिसली तरी वेदना तेवढीच असेल असे नाही. त्यामुळे केवळ चित्र पाहून धीर सोडण्याचे कारण नाही.

उपचाराचे स्वरूप

डेन्मार्कमध्ये २०१३ साली अशा रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात आधी रुग्णाला विकार समजावून देतात आणि नंतर सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली व्यायाम करवून घेतात. पुढे अनेक देशांनी तो स्वीकारला. यातील तत्त्व घरीही पाळता येते. मात्र आरंभी तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

सामान्यतः सांगितले जाणारे व्यायाम साधे असतात. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबावी. असे दहा वेळा करावे. उताणे निजून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठावे व बसावे. व्यायामानंतर थोडे दुखणे स्वाभाविक आहे. ते चोवीस तासांत पूर्वीइतके झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा.

धर्माचरण आणि पेढी

गुडघा दुखतो म्हणून सामायिक सोडण्याची गरज नाही. कटासण्याऐवजी खुर्चीवर बसून ते करता येते. गुरुमहाराजांची अनुज्ञा घ्यावी म्हणजे मनात किंतू राहत नाही. पेढीवर दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावीत. वजनाबाबत तर आपल्याच परंपरेतील ऊनोदरी तप उपयोगी पडते : भुकेपेक्षा चार घास कमी. वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे अमेरिकेतील संशोधनात आढळले आहे. एक गोष्ट मात्र आवर्जून सांभाळावी. तपश्चर्येच्या दिवसांत अनशेपोटी व कमी पाण्यावर वेदनाशामक गोळ्या घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड यांना अपाय होऊ शकतो. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

शस्त्रक्रिया केव्हा?

नियमित व्यायाम करूनही झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणेही कठीण होत असेल, तर सांधेबदलाचा विचार योग्य ठरतो. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा हा उपचार घरोघरी चर्चेचा विषय झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियम प्रकारासाठी ती ५४,७२० रुपये, कर वेगळा, अशी होती. परंतु शस्त्रक्रियेनंतरही नव्या सांध्याला चालते करण्याचे काम स्नायूंचेच असते. आधी कमावलेले बळ तेव्हाही कामी येते.

गुडघा लाल व गरम होऊन ताप येणे, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, गुडघा अडकून बसणे किंवा पोटरीला अचानक सूज येणे, यांपैकी काही आढळल्यास मात्र व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे. एरवी रोजच्या नवकारशीआधीची पंधरा मिनिटे या व्यायामाला द्यावीत. सहा-आठ आठवडे नेम न मोडता केल्यास त्याचा गुण बहुधा दिसू लागतो.