मारिओची अळंबी आणि आपली मुले

टीव्हीला जोडायचे स्वस्त नकली यंत्र आणि त्यात बसवायची कॅसेट यांच्यामुळे 1990 च्या दशकात आपल्या वस्त्यांतल्या कित्येक मुलांच्या हाती ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो 1985 साली काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याची रचना केली. त्याचा नायक कोणी राजपुत्र नव्हे, नळजोडणी करणारा साधा प्लंबर आहे. अशा खेळांनी पोरे बिघडतात, असे आपण पालक म्हणत आलो. पण मुलांना शिकवावे कसे, हे या खेळाकडून आपणच शिकावे असे आम्हांस वाटते.

सुरुवातीला मारिओ ठेंगणा असतो. शत्रूचा नुसता धक्का लागला की एक जीव जातो. प्रश्नचिन्हाच्या काही ठोकळ्यांना खालून धडक दिली की अळंबी निघते. ती मिळाली की मारिओ मोठा होतो, विटा फोडू लागतो. मोठा झाल्यावर त्याला अग्निफूल मिळू शकते. मग तो आगीचे गोळे फेकतो. चांदणी मिळाली तर काही क्षण शत्रू त्याचे काही बिघडवू शकत नाहीत. शंभर नाणी जमली की एक जीव वाढतो.

या सगळ्यांत अळंबीचे मोल आम्हांस अधिक वाटते. मोठ्या मारिओला शत्रूचा धक्का बसला तर तो मरत नाही, पुन्हा ठेंगणा होतो आणि चालू लागतो. एक चूक पोटात घालण्याची सोय म्हणजे ही अळंबी.

पहिल्या टप्प्यातील अळंबी पुढे सरकते, पाईपवर आपटते आणि उलट फिरून खेळणाऱ्याकडेच येते. नवखे मूल बावरले तरी बहुधा तिला भिडतेच. पुढे समोरासमोर पायऱ्या येतात. मध्ये भक्कम जमीन असते. उडी चुकली तरी नुकसान नाही. लगेच तशाच पायऱ्या पुन्हा येतात, पण आता मध्ये खड्डा असतो. आधी सराव, मग परीक्षा! पडद्यावर एकही सूचना लिहिलेली नसते. मूल स्वतः करून पाहते आणि शिकते. धम्मातील ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि पाहा’, याची इथे आठवण होते.

आपल्या घरांत मात्र पोर गणितात नापास झाले की मार बसतो, टोमणे मिळतात. कधी शाळाच सुटते. घरातून पहिल्यांदाच दहावीला बसणाऱ्या मुला-मुलीला दुसरी संधी कोण देणार? ती अळंबी आईबापांनीच व्हायला हवे.

खेळाला वेळेची मर्यादा घालावी. मारिओच्या प्रत्येक टप्प्यालाही घड्याळ असतेच. पण पडलेल्या लेकराला हात द्यावा. बाबासाहेबांनी दाखवलेली शिक्षणाची वाट एका नापास शेऱ्याने बंद होऊ देऊ नये.