पहिला धडा हातांनी करायचा

दहावीची परीक्षा संपली की मालवणच्या घराघरांत एकच प्रश्न असतो: पोरांना आता कसला कोर्स लावायचा? कोणी संगणकाचा क्लास सुचवतो. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. पहिल्या दिवसापासून फळ्यावर इंग्रजी व्याख्या उतरू लागतात. आठवड्याभरात मराठी शाळेतली हुशार मुलगी घरी सांगते, "आये, माका ह्या जमाचा नाय."

मुलीची बुद्धी कमी पडलेली नसते. चूक असते ती अभ्यासक्रमाच्या मांडणीत.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ साली 'बेसिक' ही संगणकभाषा तयार केली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ती जमावी, हा त्यांचा हेतू होता. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे केले. पडद्यावरचे शब्द इंग्रजी, पण समजावणारा आवाज मराठीतही. धडा थांबवायचा, स्वतः करून पाहायचे, मग पुढे जायचे.

आपल्या वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी समाजमंदिरात सुट्टीचा वर्ग काढायचे ठरवले, तर 'पायथन' भाषा घ्यावी. ती फुकट मिळते. तिचे राखीव इंग्रजी शब्द अवघे ३५ आहेत. तेवढे पाठ झाले, तर इंग्रजीची भीती कशाला? हिशोबातल्या वस्तूंना 'बांगडे', 'वाटेकरी' अशी देवनागरी नावे दिली तरी पायथन ती स्वीकारते. आकडे मात्र इंग्रजीतच टाइप करावेत.

पहिल्या दिवशी व्याख्या नको, रापणीचा हिशोब घ्यावा. समजा, बांगडे ६०० आणि वाटेकरी २०. तीन ओळी लिहिल्या की प्रत्येकाचे ३० बांगडे पडद्यावर दिसतात. दुसऱ्या दिवशी वाटेकरी २३ करावेत आणि उरलेल्या बांगड्यांचे काय, ते विचारावे. इथे 'जर-तर' आपोआप शिकून होते. तिसऱ्या दिवशी आठवड्याचे सातही हिशोब एकदम करायला सांगावे. पुन्हा पुन्हा तेच लिहायचा कंटाळा आला, की आवर्तनाची गरज मुलांनाच पटते.

चूक झाली की संगणक इंग्रजीत संदेश देतो. नवख्या मुलाला तो ओरडाच वाटतो. म्हणून शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी मुद्दाम एक कंस विसरावा आणि तो संदेश सर्वांसमोर वाचून दाखवावा. चूक कुठल्या ओळीत आहे, हे त्यात सांगितलेले असते.

एका संगणकावर दोघे बसले, तर थोड्या थोड्या वेळाने जागा बदलाव्यात. मुलाने टाइप करायचे आणि मुलीने नुसते बघायचे, असे होऊ देऊ नये.

पालकांनो, फी भरण्याआधी एवढेच विचारा: पहिल्या दिवशी माझे मूल स्वतःच्या हातांनी काय करील? याचे नीट उत्तर देणारा वर्ग निवडा. मग तीच मुलगी घरी येऊन म्हणेल, "आये, हिशोब जुळलो!"