विज्ञान पदवीच्या वाटेवरील मुस्लिम विद्यार्थी : पुणे शहराच्या संदर्भात

अल्पसंख्याक समाजाच्या शिक्षणाची चर्चा बहुधा प्रवेशाच्या आकड्यांभोवती फिरते. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवी स्तरावर दर २५ विद्यार्थ्यांमागे एक, तर पदव्युत्तर स्तरावर दर ५० विद्यार्थ्यांमागे एकच विद्यार्थी मुस्लिम होता. २००१ च्या जनगणनेत या समाजाचे प्रमाण १३.४ टक्के होते. पुढच्या पायरीवर आधीचे अल्प प्रमाणही निम्म्यावर येते, ही बाब अधिक विचारार्ह आहे. प्रवेश मिळालेला विद्यार्थी नेमका कोठे अडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुण्याच्या कॅम्प भागातील आझम कॅम्पस या दृष्टीने लक्षणीय ठरतो. १९४८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीच्या या आवारात अँग्लो उर्दू शाळा आहेत आणि १९९१ पासूनचे आबेदा इनामदार महाविद्यालयही. शाळा व महाविद्यालय यांतील अंतर काही पावलांचेच. परंतु उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तेवढ्यात भाषा बदलावी लागते. 'कसाफत' व 'तवानाई' या संज्ञांनी शिकलेले विज्ञान आता डेन्सिटी व एनर्जी या नावांनी समोर येते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही इंग्रजीची अडचण असते. मात्र प्राध्यापक सहजच मराठीत 'घनता' म्हणून त्याची सोडवणूक करतात. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला ते स्पष्टीकरणही परकेच वाटते. तो विचारत नाही, एकटाच अभ्यास करतो, आणि त्याच्या मौनाचा अर्थ कुवतीचा अभाव असा लावला जातो.

एकट्याने केलेल्या अभ्यासाचे परिणाम बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइझमन यांनी १९७० च्या दशकात अभ्यासले. कलनशास्त्रात मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी गटाने करीत. ट्राइझमन यांनी दुर्बलांसाठी वर्ग काढले नाहीत, तर कठीण उदाहरणे गटाने सोडविण्याच्या कार्यशाळा घेतल्या व निकाल स्पष्टपणे सुधारले.

आपल्याकडील उपचारात्मक वर्ग नेमके याच्या उलट आहेत. ते बहुधा नापास झाल्यावर सुरू होतात व विद्यार्थ्यावर शिक्का मारतात. त्याऐवजी प्रथम वर्षाच्या पहिल्याच सत्रात मिश्र माध्यमांचे गट आणि उर्दू-मराठी-इंग्रजी परिभाषासूची उपलब्ध करणे अवघड नाही. १९६७ पासून पुण्यातच असलेली 'बालभारती' विज्ञानाची उर्दू व मराठी अशी दोन्ही पाठ्यपुस्तके काढते. ती शेजारी ठेवून धडा-धडा ताडून पाहिल्यास अशा सूचीचा बराचसा भाग तयार होतो.