शेजार पारखून घ्यावा

बँकेच्या नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. नव्या गावी घर पाहायला गेलो की मी खोल्या मोजायचो, सौ. आधी शेजारी कोण आहेत ते विचारायची. निवृत्तीनंतर नाशिकला स्थिरावलो, नातीच्या हट्टापायी दोन फुटी फिशटँक आणला आणि नेमका तोच धडा विसरलो.

दुकानात रॅम माशांची एक जोडी मनात भरली. जेमतेम दोन इंचांचे, अंगावर निळे चमचमते ठिपके. हे बुटके सिक्लिड. आपल्या धरणांतली चिलापी, म्हणजे तिलापिया, आणि गोव्यातला कालुंदर हे याच कुळातले. रॅमचे मूळ गाव मात्र व्हेनेझुएला-कोलंबियातले ओरिनोको नदीचे खोरे. शास्त्रात त्याची नोंद झाली १९४८ साली. टाकी रिकामी दिसू नये म्हणून सोबत सहा टायगर बार्ब आणि एक गोल्डफिश घेतला. निवड केली ती केवळ रंग पाहून.

तिसऱ्या आठवड्यात नर रॅमचे पर कुरतडलेले दिसले. तो दगडाआड दडून राहू लागला, खाणे सोडले आणि एका सकाळी गेला.

"आजोबा, तो आजारी होता का?" नातीने विचारले.

मला खोटे बोलवेना. "नाही गं. मीच त्याला चुकीच्या शेजारात आणून ठेवला."

मग पुस्तके उघडली, जुन्या जाणत्यांना विचारले. कर्ज देण्यापूर्वी अर्जदाराची चौकशी करावी, तशी माशांचीही तीन बाबतींत करायला हवी होती.

पहिली, ऊब. रॅमला पाणी लागते २७ ते ३० अंशांचे. गोल्डफिशला थंड पाणी मानवते. निफाडला पारा उतरतो त्या दिवसांत हीटर लावला तर एकाचे हाल, न लावला तर दुसऱ्याचे.

दुसरी, स्वभाव. टायगर बार्बला दुसऱ्याचे पर कुरतडण्याची खोड असते. रॅमसारख्या संथ माशाला त्यात सुटका नाही.

तिसरी, मजला. रॅम तळाशी राहतो, वाळू तोंडात घेऊन चाळतो आणि अन्न शोधतो. तेव्हा सोबती वरच्या मजल्यावरचे हवेत. कार्डिनल टेट्रा उत्तम. त्याच्यासारखाच दिसणारा निऑन मात्र थोडे गार पाणी पसंत करतो. तळाशी फिरणारा कोरिडोरास स्वभावाने गरीब, पण रात्री अंडी खातो. दोन फुटी टाकीत रॅमची जोडीही एकच ठेवावी, कारण दुसरा नर आला की हद्दीचे तंटे सुरू होतात. आधी टाकी काही आठवडे मुरू द्यावी, मग सोबती सोडावेत आणि रॅम सर्वांत शेवटी.

शेजार म्हणजे नुसता गोडवा नव्हे, हेही कळले. दक्षिण भारतात कालुंदराचा एक लहान, नारिंगी चुलतभाऊ त्याच्याच पाण्यात राहतो. त्याची पिल्ले कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला स्वच्छ ठेवतात. संधी मिळाली की हीच जात कालुंदराची अंडीही फस्त करते! तरीही दोघे एका पाण्यात नांदतात, कारण नदी-खाडीत दूर सरकायला जागा असते. काचेच्या चार भिंतींत ती नसते. तिथे जबाबदारी आपली.

बार्ब आणि गोल्डफिश एका मित्राच्या वेगवेगळ्या टाक्यांत गेले. वर आठ कार्डिनल आले आणि महिन्याभराने एकट्या उरलेल्या मादीसाठी नवा नर. पहिली अंडी आईबापांनीच खाल्ली. तसे होते म्हणतात. दुसऱ्या खेपेस मात्र दोघांनी चपटा दगड चाटूनपुसून स्वच्छ केला, अंडी घातली आणि आळीपाळीने परांनी वारा घालत राखण केली. एखादा टेट्रा खाली उतरला की नर अंगावर धावे आणि लगेच माघारी फिरे. कुणाचा पर फाटला नाही.

नात काचेला नाक लावून तासभर बसली होती. मागे उभी राहून सौ. म्हणाली, "अकरा घरे बदलून झाल्यावर शिकलात म्हणायचे!"