काच धुण्याचा ब्रश : निवड आणि पारख

पूर्वी व्यापाऱ्याच्या पेढीचे तोंड म्हणजे ओटा आणि गादी. आता ते काच झाले आहे. आपल्या पुढील पिढीने बाजारपेठांतून दोन-तीन मजली काचेच्या इमारती उभारल्या आहेत. धान्याच्या बाजारात कोंडा, तूस आणि पोत्यांची धूळ दिवसभर उडत असते. रात्रीच्या दवाने ती काचेवर बसते आणि सकाळच्या उन्हाने घट्ट होते. ही काच पुसण्यासाठी कोणी दोराला लोंबकळतो, कोणी सज्जाच्या अरुंद कडेवर उभा राहतो. केवळ काच चकाकावी म्हणून कोणाच्या घरचा कर्ता पुरुष असा टांगणीस लावावा, हे आम्हांस कधीच रुचले नाही.

यावर चांगला उपाय उपलब्ध आहे. लांब, एकात एक सरकणारी काठी, तिच्यातून वर जाणारी पाण्याची नळी आणि टोकाला ब्रश, अशी ही योजना असून तिला वॉटर-फेड पोल असे म्हणतात. माणूस जमिनीवर उभा राहूनच काम करतो. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरील कामासंबंधी नियम झाले. जे काम उंचीवर न चढता होण्यासारखे आहे ते चढून करवू नये, हे त्यांतील पहिले सूत्र होय. तिकडे या काठीचा प्रसार होण्यास त्या नियमांचा मोठा हातभार लागला.

ब्रशाकडे वळण्यापूर्वी पाण्याविषयी दोन शब्द. या पद्धतीत काच फडक्याने पुसावयाची नसते. धुतलेले पाणी तसेच वाळू द्यावयाचे असते. पाण्यात क्षार असले तर वाळल्यावर पांढरे डाग उरतात. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले आहे. काचेस मात्र ते १० पेक्षाही कमी, शक्य तर शून्य लागतात. यास्तव पाणी आर. ओ. यंत्रातून आणि नंतर रेझिनच्या नळकांड्यातून गाळून घ्यावे लागते. कूपनलिकेचे पाणी जड असेल तेथे रेझिन लवकर संपते. आर. ओ. मधून बाहेर पडणारे पाणी गटारात न सोडता वखारीची फरशी धुण्यास वापरावे.

आता मुख्य विषय. धान्याची पारख जशी वानगीवरून, तशी ब्रशाची पारख त्याच्या केसांवरून करावी. बाजारात तीन प्रकार आढळतात. पहिला डुकराच्या राठ केसांचा. त्याच्या अंगावर सूक्ष्म खवले असल्याने तो मळ चांगला ओढतो. परंतु तो पाणी पितो, जड होतो आणि त्या मानाने लवकर झिजतो. दुसरा सरळ नायलॉनच्या तंतूंचा. हा ताठ व टिकाऊ असून बऱ्याच दिवसांचा साठलेला मळ काढण्यास उपयोगी पडतो. तिसरा टोके चिरलेल्या कृत्रिम तंतूंचा. हा मऊ असतो, काचेवर सहज सरकतो आणि नेहमीच्या धुण्यास उत्तम.

पहिला प्रकार आपल्या दुकानांत येऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. परंतु अडचण अशी की, पुडक्यावर ‘डुक्कर’ असा शब्द सहसा नसतो. ‘नॅचरल ब्रिसल’ असे लिहिलेले असते, आणि ‘हायब्रीड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रशांतही पुष्कळदा नायलॉनबरोबर हे केस मिसळलेले असतात. शंका आल्यास विक्रेत्याकडून वानगीचा एक केस मागून घ्यावा आणि काडीच्या ज्योतीवर धरावा. प्राण्याचा केस जळक्या केसांचा वास देऊन चुरडणारी राख होतो. नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी बनतो. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचे दात घासण्याचे ब्रश विक्रीस आले, त्यापूर्वी अशा ब्रशांसाठी मुख्यतः डुकराचेच केस वापरीत. आज ती लाचारी उरलेली नाही. येथे धर्म सांभाळताना व्यवहारातही तोटा होत नाही.

दुसरी पारख वजनाची. वखारीतील काट्याच्या दांडीवर लहानसे वजन टोकाकडे सरकविले की पलीकडचे भरले पोते तोलले जाते, हे आपण रोज पाहतो. तोच न्याय येथे आहे. हातात हलका वाटणारा ब्रश तीस फुटी काठीच्या टोकाला जड होतो आणि त्याचा भार काम करणाऱ्याच्या खांद्यावर व मानेवर येतो. म्हणून उंच कामास अरुंद आणि हलका ब्रश घ्यावा; रुंद ब्रश खालच्या मोठ्या तावदानांसाठी ठेवावा.

तिसरी पारख धारांची. काचेवर थोडे पाणी टाकून पाहावे. ते सलग पसरले तर बारीक सरळ धारा पुरतात आणि पाणीही कमी लागते. अळूच्या पानावरल्याप्रमाणे त्याचे थेंब झाले तर पंख्यासारखी पसरणारी धार हवी, नाहीतर मळाचे पाणी थेंबांत अडकून राहते.

धुताना प्रथम चौकट व तिची वरची कड धुवावी, मग काच. अन्यथा वरून ओघळ येऊन डाग पडतात. नव्या इमारतीच्या काचेवर सिमेंटचे कण असतील तर ते ब्रशाने घासू नयेत, ओरखडे उठतात. काम संपल्यावर ब्रश धुऊन, केस मोकळे राहतील असा टांगावा. केसांवर उभा ठेवल्यास ते कायमचे वाकतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. कार्बन तंतूंच्या काठीतून वीज वाहते, आणि ओल्या काठीचा, मग ती कशाचीही असो, भरवसा धरू नये. बाजारपेठांतील जुन्या गल्ल्यांत विजेच्या तारा सज्जाला लागूनच गेलेल्या असतात. तारा जवळ असतील तेथे ही काठी उभारूच नये. तारांच्या भागातील काच वीज मंडळाकडून प्रवाह बंद करवूनच धुवावी, नाहीतर धुळीने माखलेली राहू द्यावी. धूळ पुढच्या आठवड्यात काढता येते. गेलेला माणूस परत आणता येत नाही.

सभासद बंधूंनी खरेदीपूर्वी ब्रश स्वतः हातात घेऊन पाहावा आणि काम करणाऱ्यासही त्याचे मत विचारावे, एवढी विनंती करून लेखणी आवरती घेतो.